जपून नेलेल्या तीन डिस्क

एखादी वस्तू या जागेवरून त्या जागेवर धड नेणे ही साधी गोष्ट बहुतेक माणसांना येत नाही. लोक आरसा गादीत गुंडाळतात आणि मग त्याच गादीवर बसतात. काचेची बरणी पिशवीच्या तळाशी आणि वर नारळाएवढे कुलूप ठेवून पुन्हा बरणी फुटली म्हणून दुकानदाराशी भांडतात. मी एका कारखान्यात भांडारप्रमुख आहे. माझ्या भांडारातून निघालेला एकही खोका चेपून पोचलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, जे आहे ते आहे. म्हणून ताईचा फोन आला तेव्हा तिने निदान या वेळी तरी योग्य माणसाला फोन केला, असे मला वाटले.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ऐकू न येणाऱ्या मुलांना ती बोलायला शिकवते. आमच्या गावापासून दिवसभराच्या प्रवासावर एका संस्थेच्या इमारतीत तिचा वर्ग भरतो. संस्थेवर नुकतीच नवी समिती आली होती. नव्या समितीला काहीतरी बंद केल्याशिवाय आपण नवे आहोत असे वाटत नाही. या समितीला ताईचा वर्ग बंद करायचा होता.

"गुरुवारी येतायत," ताई म्हणाली. "म्हणतात, मुलं तुमच्याकडे आली तेव्हा कशी होती आणि आता कशी आहेत, ते ऐकवा. अरे, प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवशीचा आवाज मी रेकॉर्ड करून ठेवलाय. पण तो सगळा माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहे. मागच्या सुट्टीत तुझ्या ओळखीच्या दुकानात तो दुरुस्तीला दिला होता ना? कॉम्प्युटर कामातून गेला, पण डिस्क दुकानदाराने काढून तुझ्याकडे दिल्यात. तीन आहेत. बघ, घरात कुठेतरी असतील."

"दुसरीकडे कॉपी नाही?"

"असती तर तुला कशाला फोन केला असता? नीट आण रे बाबा. त्या गेल्या तर माझा वर्ग गेला. आणि हो, निघायच्या आधी एकदा लावून बघ, चालतात ना त्या."

शेवटचे वाक्य मी सोडून दिले. शिक्षिकांना निघता निघता एक तरी सूचना द्यायची सवय असते.

डिस्क मला शोधाव्या लागल्याच नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर, कोऱ्या खोक्यात, थर्माकोलच्या साच्यात नेमक्या बसवलेल्या, तिन्ही चकचकीत चंदेरी पाकिटांत. मी खोके उघडले आणि माझा ऊर भरून आला. याला म्हणतात ठेवणे! वस्तू महत्त्वाची आहे की नाही हे तिच्या वेष्टनावरून कळते, असे मी हाताखालच्या लोकांना नेहमी सांगत आलो आहे. बायकोला बोलावून मी ते दाखवले. ती म्हणाली, "माणसांना एवढं जपलं असतं तर!" आणि पोळपाट धुवायला निघून गेली. अशा बोलण्याला मी उत्तर देत नाही.

उघडी डिस्क प्रवासात न्यायची म्हणजे काय, याची कल्पना नसणाऱ्यांसाठी सांगतो. तिला धक्का चालत नाही, ओल चालत नाही, चुंबक चालत नाही, ऊन चालत नाही. आमच्या धाकट्या मेहुण्याची प्रकृती अशीच आहे, फरक एवढाच की त्याच्या डोक्यात साठवलेले काही नसते. इमारतीत ही बातमी कशी पसरली मला माहीत नाही. पण संध्याकाळपर्यंत डिस्क या विषयावर मत नसलेला माणूस आमच्या जिन्यात उरला नव्हता.

सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक उतरले. यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आणि त्यांच्या घरातला दिवा अजून एका विशिष्ट कोनातून थापट मारल्याशिवाय लागत नाही.

"स्थिर विद्युत!" ते दारातूनच म्हणाले. "लोकरीत गुंडाळलंत की संपलं. स्वेटर काढा अंगातला. नायलॉनचे मोजेसुद्धा काढा. डिस्कला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावायचा. आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. धातूचं कवच."

"मला माहीत आहे ते," मी मोजे काढत म्हणालो.

ते जातात तोच समोरच्या वहिनी आल्या. त्यांचा मोबाइल एकदा बादलीत पडला होता आणि त्यांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवून वाचवला होता. तेव्हापासून जगातल्या कोणत्याही आजारावर त्या तांदूळच सुचवतात. "भावोजी, पुरचुंड्या करून घाला चारी बाजूंनी. ओल म्हणून फिरकणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या मोबाइलवर अजूनही फक्त त्यांचाच आवाज पलीकडे जातो, पलीकडचा येत नाही. मला वाटते त्यांना तो तसाच बरा वाटतो.

मी कोणाच्या सल्ल्याने चालणारा माणूस नाही. पत्र्याचा डबा, सुती कापड आणि तांदूळ या गोष्टी मला आधीच सुचल्या होत्या, एवढेच.

तरीही एक चांगले कव्हर मिळाले तर बघावे म्हणून मी त्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार एका उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून वडा खाणाऱ्या माणसाच्या निवांतपणाने फोनवर बोलत होता. शेजारी, मशीनच्या काठावर, भरलेला चहाचा ग्लास. त्याने माझे खोके बघितले.

"कव्हरं संपली. पण लावून देऊ का? पाच मिनिटं लागतील. चालतात का ते तरी कळेल. कॉपी पण मारून देतो."

मी त्याच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितले. त्याच्या टोकाला तीन स्क्रू आपले आपण चिकटले होते. म्हणजे चुंबक! मग मी चहाच्या ग्लासाकडे बघितले, मग त्याच्या नखांकडे बघितले.

"याला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"हात न लावता कसं कळणार?"

"ज्याला कळायचं त्याला वेष्टनावरून कळतं."

तो हसला. असली माणसे हसतात, कारण त्यांना दुसरे काही सुचत नाही. मी खोके छातीशी धरून बाहेर पडलो.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवले नाही. चंदेरी पाकिटे, त्यावर धुतलेल्या सुती धोतराचे तुकडे, त्यावर थर्माकोल, चारी बाजूंनी तांदळाच्या पुरचुंड्या, हे सगळे पत्र्याच्या मोठ्या बिस्किटांच्या डब्यात. डबा उशीच्या अभ्र्यात, उशीसकट. ते सगळे पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोक्याच्या सहाही बाजूंना माझ्या वळणदार अक्षरात 'नाजूक'. तळालासुद्धा लिहिले, कारण कोणी उलटे धरले तर त्यालाही कळायला हवे. हे सर्व मी अनवाणी, मधूनमधून गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावून येत केले. बायको भिंतीला टेकून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत कौतुक होते, निदान मी तरी तसा अर्थ लावला.

बुधवारी सकाळी स्टेशनच्या दारातच पहिली कटकट उभी राहिली. सामान तपासायचे यंत्र. प्राध्यापकांनी जाता जाता सांगून ठेवले होते की, यंत्रातल्या किरणांचे काही नाही, पण पट्टा फिरवणाऱ्या मोटारीत चुंबक असते. म्हणून मी खोके यंत्रात घालायला सभ्यपणे नकार दिला.

"मग काय आहे यात?" शिपायाने विचारले.

"लहान मुलांचे आवाज," मी खरे ते सांगितले.

त्याने कानामागे खोचलेली पेन्सिल काढली. "कुठल्या मुलांचे?"

"ऐकू न येणाऱ्या."

"ऐकू न येणाऱ्या मुलांचे आवाज कसे?"

"म्हणजे बोलता न येणाऱ्या मुलांचे आहेत. पहिल्या दिवशीचे."

तो एक पाऊल मागे सरकला आणि त्याने साहेबीणबाईंना हाक मारली. माझ्यामागे रांग लागली होती. रांगेत एक गृहस्थ दुसऱ्याला हळूच सांगत होते, "मला बघताक्षणीच संशय आला होता." माझ्यासारख्या माणसाबद्दल, ज्याने आयुष्यात प्लॅटफॉर्म तिकीटसुद्धा कधी चुकवले नाही!

साहेबीणबाईंनी खोके उघडायला लावले. पुठ्ठा फाटला. उशी बाहेर आली. डबा उघडताना एक पुरचुंडी सुटली आणि तांदूळ पसरला, त्यावरून रांगेतल्या एका बाईंचा पाय घसरला आणि त्यांनी मला जे म्हटले ते मी येथे देत नाही.

"तांदूळ कशाला?" साहेबीणबाई म्हणाल्या.

"ओल लागू नये म्हणून."

"आणि उशी?"

"धक्का लागू नये म्हणून."

"आणि तुम्ही सारखे त्या खांबाला काय हात लावताय?"

"वीज जमिनीत जावी म्हणून."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "असं करा, आमच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे. एक डिस्क लावा, आवाज ऐकवा आणि जा."

मी त्यांचा कॉम्प्युटर बघितला. त्याच्यावर कोणीतरी ओला नॅपकिन वाळत घातला होता. "क्षमा करा," मी म्हणालो, "असल्या यंत्राला मी डिस्क लावू देणार नाही. हवं तर मला अटक करा."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि शिपायाला म्हणाल्या, "जाऊ दे यांना. यांच्या हातून काही होईल असं वाटत नाही."

अटक परवडली असती. मी ओणवा होऊन सगळे पुन्हा बांधले. खोके तर गेलेच होते, आता डबा नुसत्या अभ्र्यात राहिला. पण माझा मुद्दा शाबूत राहिला.

गाडीत माझ्यासमोर एक सहलीहून परतणारे जोडपे बसले होते. नवरा गोलमटोल, बोलका, आणि ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा स्वतःला किंवा भाच्याला अनुभव असतो अशा जातीचा. मी डबा मांडीवर, मांडीखाली उशी आणि पाय जमिनीपासून किंचित उचललेले, अशा बेतात बसलो होतो. गाडीची थरथर पायांतून वर येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने पोटऱ्यांत गोळे आले, पण ताईच्या वर्गापुढे पोटऱ्यांची काय कथा.

"औषध आहे का काही?" गोलमटोलांनी विचारले.

"हार्ड डिस्क आहेत."

"अरेरे," ते म्हणाले. "माझ्या भाच्याची गेली. आपोआप. चांगली टेबलावर होती. नीट बांधल्यात ना?"

या प्रश्नाचा अपमान मी गिळला. पण माणसाला माहिती द्यावी म्हणून धक्का, ओल, ऊन आणि चुंबक यांविषयी चार शब्द सांगितले. चुंबक म्हटल्याबरोबर त्यांची बायको खुदकन हसली.

"मग तुम्हाला आमची गंमत दाखवते!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. सहलीहून सगळ्या नातेवाइकांसाठी त्यांनी फ्रिजच्या दाराला चिकटवायची चित्रे आणली होती. जहाजे, दीपगृहे, हत्ती, टोपीवाली मांजर. पिशवीभर चुंबक! मी मागे सरकायच्या आत गोलमटोलांनी त्यातले एक जहाज काढले, "हे तुम्हाला आमच्याकडून," म्हणाले आणि माझ्या डब्याजवळ आणले. जहाजाने उरलेले अंतर स्वतःच पार केले. टक्क! ते डब्याच्या झाकणाला अभ्र्यावरून चिकटले.

मी किंचाळलो असे त्या बाई पुढे सगळ्या प्रवाशांना सांगत होत्या. ते खरे नाही. मी मोठ्याने आक्षेप घेतला. जहाज उपटून त्यांच्या हातात दिले आणि उरलेला प्रवास मी संडासाबाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्याने केला. संडासातही डबा घेऊनच गेलो. बाहेर आलो तेव्हा दाराशी थांबलेल्या माणसाने डब्याकडे, उशीकडे आणि माझ्याकडे बघितले आणि तो दुसऱ्या टोकाच्या संडासाकडे गेला. दिवसभरात डबा मी एक क्षणही खाली ठेवला नाही. सामान्य माणसाने ठेवला असता.

ताई मला स्टेशनवरून थेट वर्गातच घेऊन गेली. वर्ग लहानसा होता. एका भिंतीभर मोठा आरसा, कारण मुलांना स्वतःचे ओठ बघावे लागतात. एक ढोल, हात ठेवून आवाजाची थरथर कळावी म्हणून. कोपऱ्यातल्या बाकावर आठेक वर्षांची, दोन वेण्यांची एक मुलगी कानांत यंत्रे घालून बसली होती. तिची आई कामावरून उशिरा न्यायला येई.

"ही आमची बाईसाहेब," ताई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तोंडातून नुसता घुसमटलेला आवाज यायचा. आता माझ्याशी वाक्यं बोलते. पण परक्यासमोर तोंड उघडेल तर शपथ. उद्या समितीपुढे तिचा पहिला आवाज ऐकवायचा आणि मग तिला बोलायला लावायचं. सगळी भिस्त तिच्यावर आहे, आणि तुझ्या डब्यावर."

बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितले. ऐकू कमी येणारी माणसे फार बघतात. मी अभ्रा, डबा, धोतराचे तुकडे असे एकेक उलगडत होतो आणि ती एकटक बघत होती.

ताईने पहिली डिस्क लावली. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि बंद झाला. दुसरी लावली. पडद्यावर काहीच आले नाही. तिसरी लावली तेव्हा तीही टकटकली. ताईने डिस्क हातात घेऊन उलटी केली. तिच्यावर दुकानदाराच्या हातची लाल पेनची फुली होती. तिन्हींवर होती. चंदेरी पाकिटांतून मी त्या कधी बाहेर काढल्याच नव्हत्या.

"अरे, या बाद डिस्क आहेत," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "या त्याच्याही आधी, पहिल्या दुरुस्तीच्या वेळी बिघडल्या होत्या. त्याने नव्या घातल्या आणि नव्यांच्या खोक्यात या जुन्या भरून दिल्या. माझं सगळं नव्यांवर आहे. त्या मागच्या सुट्टीत काढून दिल्या. तू लावून बघितल्या नाहीस?"

आता हे दुकानदाराचे काम झाले का? पण खरे सांगायचे तर आमच्याही घरात असेच आहे. जळका मिक्सर त्याच्या मूळ खोक्यात, थर्माकोलमध्ये, वॉरंटीच्या कार्डासह माळ्यावर सुखाने नांदतो आणि चालता मिक्सर ओट्यावर फडक्याविना उभा असतो. मेलेल्या वस्तूंना आम्ही जेवढे जपतो तेवढे जगत्यांना जपत नाही. मात्र हे त्या क्षणी कबूल करण्यात अर्थ नव्हता. ताई मुलांच्या लहान खुर्चीवर बसली होती आणि आरशामुळे दोनदा दिसत होती.

मी बायकोला फोन लावला.

"दुकानदाराने नंतर दिलेल्या डिस्क? त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या, जड, चपट्या?" ती म्हणाली. "त्या तुम्हीच चपलांच्या फळीवर टाकल्या होत्यात. भंगार आहे म्हणालात. एक इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली घातलीय, ते डुलत होतं. एक खिडकीत आहे, दार आपटू नये म्हणून."

"आणि तिसरी?"

"तिसरी रद्दीवर होती, कागद उडू नयेत म्हणून."

"रद्दी आहे ना?"

"थांबा."

ती बराच वेळ आली नाही. ताई हात घट्ट आवळून उभी होती. मग बायकोचा आवाज आला, "आहे. रद्दीवाला आला नाही या आठवड्यात."

"ऐक," मी म्हणालो, "लोकर वापरू नकोस. आधी लोखंडाला हात लाव, मग पत्र्याच्या डब्यात..."

"डबा तुम्ही नेलात. ठेवा आता, मला शेवटची बस गाठायचीय," ती म्हणाली आणि फोन बंद केला. भांडारशास्त्राचा एक शब्द ऐकून न घेता.

गुरुवारी सकाळी ती वर्गात आली तेव्हा तिच्या खांद्याला फक्त तिची बाजाराची कापडी पिशवी होती. त्यातून तिने छत्री काढली, किल्ल्यांचा जुडगा काढला, अर्धवट झाकण लागलेली पाण्याची बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जास्तीच्या चपला काढल्या, आणि चपलांच्या बाजूने तीन डिस्क काढल्या. एकीवर इस्त्रीच्या टेबलाच्या पायाचा गोल वण होता.

"ही बसच्या पायरीवर पडली होती," ती म्हणाली. "पण उचलली लगेच."

तिने त्या रुमालाने पुसल्या. माझ्याच्याने बघवेना. बाकावरून बाईसाहेब मात्र सगळे बघत होती. ताईने पहिली डिस्क लावली आणि पडदाभर मुलांची नावे आली. दुसरी चालली. तिसरीही, वण असलेली, सगळ्यात झटकन चालली. ताईने माझ्या बायकोला मिठी मारली. मला कोणी मिठी मारली नाही. मी निमूटपणे डबा पुन्हा बांधून टेबलाच्या कडेला ठेवला, कारण कोणीतरी शिस्त पाळायला हवी.

समिती आली. अध्यक्ष जाडजूड, घड्याळाकडे बघत बोलणारे. बरोबर एक सदस्यबाई आणि एक गृहस्थ, ज्यांचे काम अध्यक्षांना मान डोलावणे एवढेच असावे. ताईने बाईसाहेबांचा पहिल्या दिवशीचा आवाज लावला. ताई विचारते आहे, "तुझं नाव काय?" आणि उत्तरादाखल एक जाड, घोगरा, कुठेच न पोचणारा "आं". पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी जन्मात कशाने हलत नाही, पण तो आवाज ऐकून मला खाली बघावे लागले. आपण हा आवाज घालवणार होतो, आणि घालवला असता तर तो कुठेही पुन्हा मिळाला नसता.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "आता मुलीला बोलू द्या."

ताई बाईसाहेबांसमोर वाकली. "सांग, तुझं नाव काय?"

बाईसाहेबांनी ओठ मिटले. ताईने आरसा दाखवला, ढोलावर हात ठेवायला दिला, हळूच हनुवटीला स्पर्श केला. बाईसाहेब मिटलेल्या ओठांनी अध्यक्षांच्या मिशांकडे बघत राहिली. सदस्यबाईंनी पेनाचे टोपण लावले.

"म्हणजे दोन वर्षांपूर्वी 'आं' होतं आणि आता तेही नाही," अध्यक्ष म्हणाले. गृहस्थांनी मान डोलावली. "आम्हाला वाईट वाटतं हो, पण एवढी खोली अडवून ठेवायची म्हणजे..."

अध्यक्ष उठले. उठताना त्यांची नजर टेबलाच्या कडेच्या माझ्या डब्यावर गेली. स्वच्छ अभ्रा, चारी कोपऱ्यांना नेमक्या गाठी, आणि स्टेशनवर फाटलेल्या पुठ्ठ्यातून वाचवून मी पुन्हा वर बांधलेले, 'नाजूक'.

"व्वा," ते म्हणाले. "हे काय?"

"डिस्क आणण्यासाठी केलेली बांधणी," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

"काय व्यवस्थित काम आहे! आमच्या ऑफिसात लोक फायलीसुद्धा फेकतात. म्हणजे ही रेकॉर्डिंग यातूनच आणलीत?"

दोन दिवसांत मला कोणी पहिल्यांदा माणसात गणले होते. बायको माझ्याकडे बघत होती. ताई बघत होती. मी गळा साफ केला.

"हो," मी म्हणालो. "प्रवासात एक क्षणही खाली ठेवलं नाही."

"खोटं," कोणीतरी म्हणाले.

आवाज जाडसर होता, पण शब्द स्वच्छ होता. सगळे वळले. बाईसाहेब बाकावरून उठून उभी राहिली होती.

"खोटं. काकूच्या पिशवीत होत्या. चपलेजवळ. एक पडली."

"काय म्हणाली ती?" अध्यक्षांनी विचारले.

बाईसाहेबांना वाटले, या माणसाला ऐकू येत नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ताई मुलांसाठी करते तसे तोंड वर करून, ओठ नीट दिसतील असे मोठे उघडून, एकेक शब्द सुटा करून तिने त्यांना समजावले, "खोटं. बोलतात. ते. काका. डिस्क. काकूच्या. पिशवीत. होत्या." आणि त्यांना कळले का, हे बघायला ती थांबली.

अध्यक्ष हळूच खाली बसले. मुलांच्या खुर्चीवर बसले आहेत हे त्यांच्या लक्षातही आले नाही. सदस्यबाईंनी पेनाचे टोपण काढले. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती एका हाताने ते पुसत दुसऱ्या हाताने रेकॉर्डिंगचे बटण शोधत होती.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांग बरं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बाईसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि पुन्हा एकदा सांगितले.